चित्रांची धाव आणि जुने खेळ

मंडळी, पडद्यावरचे चित्र हलते असे आपण म्हणतो. पण खरे पाहता ते हलत नाही. स्थिर चित्रे भराभर एकामागून एक येतात आणि आपले डोळे त्यांची साखळी जोडतात. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला, रोज त्याचे एकेक चित्र घेतले आणि पट्टी पडद्यावर चालवली, तर कोंब डोळ्यांदेखत वर आला! मूकपटांत सेकंदाला सुमारे १६ चित्रे असत. बोलपटांत ती २४ झाली. सोळाच्या हिशेबाने घेतलेला पट चोवीसच्या वेगाने दाखवा, माणसे दीडपट घाईने चालू लागतील.

जुन्या टीव्ही-खेळांचा हिशेबही असाच आहे. निंटेंडोचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ १९८३ साली जपानात आले. ते सेकंदाला ६० चित्रे देई. आज टोकावड्यातल्या एखाद्या पोराच्या हातातला मोबाइलही तेच खेळ चालवतो. कसे बरे? मोबाइलमध्ये ‘एम्युलेटर’ नावाचा प्रोग्रॅम असतो. तो म्हणजे बहुरूपीच. जुन्या यंत्राचे सोंग तो हुबेहूब वठवतो. पण जुन्या यंत्राची भाषा नव्याला येत नाही, म्हणून दुभाष्याचे कामही त्यालाच करावे लागते. एका चित्रासाठी वेळ मिळतो तो सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात भाषांतर, चित्र आणि आवाज, सारे उरकायचे! घमेल्यांच्या रांगेत एक गडी मागे पडला की सगळी रांग अडते ना? तसाच खेळ अडखळतो, आवाज तुटतो.

१९८३चे खेळ साध्या मोबाइललाही जड नाहीत. २००० सालच्या प्लेस्टेशन-२चे मात्र जड जातात. मग उपाय काय? आधी बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, कारण ती यंत्राला मुद्दाम हळू चालवते. उघडे राहिलेले इतर प्रोग्रॅम मिटा. चित्र वाढवून गुळगुळीत करण्याची हौस कमी करा. दुभाष्या प्रत्येक वाक्य दरवेळी नव्याने न सांगता एकदा केलेले भाषांतर जपून पुन्हा वापरील, अशी सोय असल्यास ती चालू करा. शेवटचा उपाय म्हणजे मधली काही चित्रे गाळणे. खेळाचे घड्याळ बरोबर राहते, पण हालचाल तुटक दिसते.

आणखी एक मेख आहे. युरोपातल्या टीव्हीसाठी केलेले खेळ ५० चित्रांचे असत. साठाच्या पडद्यावर दर पाचवे चित्र दोनदा दाखवावे लागते आणि चाल किंचित लंगडते. इथे यंत्राची ताकद वाढवून उपयोग नाही. पडदाच पन्नासावर आणता आला तर आणावा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पुष्कळ एम्युलेटर सेकंदाची चित्रे आकड्यात दाखवतात. एकेक सोय बदलून मुलांना आकडा टिपू द्या. उडी चुकली की पोर स्वतःच्या हाताला दोष देते, नाहीतर घरी नव्या मोबाइलचा हट्ट धरते. आकडा पाहिला, तर दोष कुठे आहे हे त्याचे त्यालाच कळेल आणि बापाचे पैसेही वाचतील.