सळईची छिन्नी का होत नाही?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. घरी हत्यारे बनवण्याची हौस असलेल्याला वाटेल, की अशा तुकड्याची छिन्नी सहज होईल. पण तिची धार लगेच बोथट होते. लोहार मात्र ट्रकचा जुना कमानपाटा शोधतो. दोन्ही पोलादच, मग फरक कशाचा?

फरक कार्बनचा. सळईत तो साधारण 0.2 टक्के, कमानपाट्यात 0.5 ते 0.6 टक्के असतो. पोलाद लाल तापवले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतात. एकदम थंड केल्यास ते आतच अडकतात, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद कठीण होते. यालाच लोहार 'पाणी देणे' म्हणतात. कार्बन कमी, तर कठीणपणाही कमी.

तापमान कसे ओळखावे? सुमारे 770 अंश सेल्सिअसला चुंबक पोलादाला ओढेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून धारेकडचे टोक तेलात बुडवावे.

आता टोक कठीण, पण ठिसूळ झालेले असते. घाव बसताच कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून ते घासून चकचकीत करावे व मागच्या बाजूने हळूहळू तापवावे. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग धारेकडे सरकतात. जांभळा (सुमारे 280 अंश) धारेवर पोचताच छिन्नी विझवावी. हातोडीचा घाव झेलणारे डोके मऊच ठेवावे.

वर्गात शिवणाच्या दोन सुया लाल तापवा. एक पाण्यात बुडवा, दुसरी सावकाश निवू द्या. मग फडक्यात धरून वाकवा: पहिली मोडेल, दुसरी वाकेल.