फ्रिजला नळ जोडण्याआधी

अकोला असो की अमरावती, नळ आले की बहुतेक घरांत एक काम न चुकता होते. पहिले गढूळ पाणी बादलीत धरून झाडांना किंवा सांडपाण्यात सोडले जाते आणि धार स्वच्छ झाल्यावरच पिण्याचे भांडे नळाखाली लागते. ही सवय घराच्या आरोग्याची मोठी राखण करते.

आता अनेक घरांत दरवाजातूनच गार पाणी आणि बर्फ देणारे फ्रिज येऊ लागले आहेत. त्यांच्या मागे एक बारीक नळी असते आणि प्लंबर ती जवळच्या नळाला जोडून देतो. बर्फाचा साचा रिकामा झाला की फ्रिजमधला व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि नळीत जे पाणी असेल ते आत येते. पहिले पाणी कोणते आणि नंतरचे कोणते, हे फ्रिजला कळत नाही.

हे फ्रिज चोवीस तास दाबाने पाणी येणाऱ्या शहरांचा विचार करून तयार झाले. वऱ्हाडातली स्थिती वेगळी आहे. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि अमरावतीला अप्पर वर्धा धरणातून पाणी मिळते. शुद्धीकरण केंद्रात ते गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते. अडचण येते ती पुढच्या प्रवासात. जलवाहिनी भरलेली असते तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर जाते. पुरवठा थांबून ती रिकामी झाली की त्याच जागेतून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. कुणी थेट नळाला टिल्लू पंप लावला, तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून नळ आल्यानंतरचे पहिले पाणी सर्वांत धोक्याचे असते.

‘गोठल्यावर जंतू मरतात’ हा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. गोठवल्याने काही जीवाणू मरतात, पण सगळे नाही. टायफॉइडचे जंतू बर्फात तग धरू शकतात, काविळीचे आणि जुलाबाचे विषाणू तर गोठूनही टिकतात. 1987 मध्ये अमेरिकेत पुराचे पाणी शिरलेल्या विहिरींच्या पाण्यापासून बर्फ तयार झाला आणि तो पेयांत वापरला गेला. पेनसिल्व्हेनिया आणि परिसरात त्यातून उलट्या-जुलाबाची मोठी साथ पसरली. पाणी उकळून पिणारी माणसेही सरबतात बर्फ टाकताना विचार करत नाहीत, कारण बर्फ काही उकळून खाता येत नाही.

गर्भवतीसाठी हा प्रश्न जिवाचा ठरू शकतो. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून हिपॅटायटिस ई ही कावीळ पसरते. 1955-56 मध्ये दिल्लीत तिची प्रचंड साथ आली होती. एरवी हा आजार बहुतेकांत आपोआप बरा होतो, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास दर शंभरात 20 ते 25 स्त्रिया दगावू शकतात.

‘फ्रिजमध्ये फिल्टर आहे की!’ असे विक्रेते सांगतात. हा फिल्टर बहुधा कार्बनचा असतो. तो वास, चव आणि क्लोरीन कमी करतो. जीवाणू, विषाणू किंवा क्षार काढण्यासाठी तो नसतो. उलट, क्लोरीन निघून गेल्यावर पाण्याचे उरलेसुरले संरक्षणही संपते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याला तर या फिल्टरचा काहीच उपयोग नाही, खारेपणा तसाच राहतो.

गच्चीवरच्या टाकीची जोडणीही पुरेशी नसते. अशा फ्रिजला साधारण 1.4 बार तरी दाब लागतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम 1 बार दाब मिळतो. व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, बर्फ अर्धवट बनतो किंवा पाणी गळते. शिवाय टाकी वर्षानुवर्षे धुतली नसेल, तर तिचा गाळही बर्फात येतो.

जोडणी करायचीच असेल तर ती शुद्धीकरण यंत्राच्या पुढे करावी, आधी नाही. पाणी खारे असेल तर आरओ आणि त्यासोबत यूव्ही असावे. आरओच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो, त्यामुळे छोटा पंप लागतो. नळी पिण्याच्या पाण्यासाठीच्या दर्जेदार प्लास्टिकची घ्यावी. आरओचे पाणी तांबे झिजवते, म्हणून तांब्याची नळी टाळावी. वेगळा कॉक आणि पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह बसवावा. सुरुवातीचे काही लिटर पाणी आणि पहिल्या दिवसाचा बर्फ फेकून द्यावा. फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा महिन्यांनी, बदलावा. गावाला जाताना कॉक बंद करावा आणि परतल्यावर साचलेले पाणी व बर्फ टाकून द्यावा. गल्लीत जलवाहिनी फुटली किंवा पाण्याला वास आला, तरी हेच करावे.

ताप चार दिवस उतरत नसेल, लघवी गडद पिवळी होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर दवाखाना गाठावा. जुलाब सुरू होताच ओआरएस द्यावे. गर्भवतीला कावीळ दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

नळी न जोडताही फ्रिज चालतो. उकळून गार केलेले पाणी हात धुऊन साच्यात ओतले, तर बर्फ तितकाच थंड होतो. आणि 45 अंशांच्या उन्हात झाकलेल्या, रोज घासलेल्या, ओगराळ्याने पाणी काढायच्या माठाला तर कुठलीच जोडणी लागत नाही.