हिरव्या पट्टीवरची कल्हई

शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते. ती आली की विहिरीवरची मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरच्या डब्याशेजारी ऑटो स्विच बसवलेला असतो. गेवराईपासून परळीपर्यंत कोणत्याही शिवारात तो दिसेल. डबा उघडला की आत तळहाताएवढी हिरवी पट्टी. कारखान्यात तिला पीसीबी म्हणतात, आपले मेकॅनिक कार्ड म्हणतात. उसाची पाळी आलेली असते आणि नेमकी त्याच रात्री मोटार उचलत नाही. सकाळी मेकॅनिक कार्ड उलटेपालटे करून बघतो आणि म्हणतो, "ड्राय सोल्डर झालंय." म्हणजे सुटा भाग आणि पट्टी यांच्यामधला डाख धरलेला नाही. एक थेंबभर धातू, पण त्याच्यापायी एका रात्रीचे पाणी गेले.

डाख सुटण्याची कारणे दोन-तीन आहेत. मोटारीजवळची थरथर आहे, उन्हात तापणारा पत्र्याचा डबा आहे. पण काही वेळा दोष त्याही आधीचा असतो. कार्डावर सुटे भाग बसण्यापूर्वी तांब्याला जो चंदेरी थर देतात, तोच नीट बसलेला नसतो.

हा थर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून कल्हई आहे. पूर्वी गल्लीत कल्हईवाला येई. भाता, निखारे, नवसागर आणि कापसाचा बोळा एवढाच त्याचा सरंजाम. पातेले तापले की नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, कथलाची कांडी टेकवून बोळ्याने भरकन फिरवले की काळवंडलेले तांबे आरशासारखे उजळे. नवसागर तांब्यावरचा काळा थर काढतो, म्हणून कथील धरते. पीसीबीच्या कारखान्यातले यंत्र हेच करते. फक्त बोळ्याच्या जागी तिथे गरम वारा असतो.

पट्टी मुळात काचतंतू आणि राळ यांची असते. तिच्यावर तांब्याच्या वाटा कोरलेल्या असतात. ज्या ठिकाणी सुटे भाग जोडायचे ती ठिकाणे उघडी ठेवून बाकी सगळीकडे हिरवा लेप देतात, कारण त्या लेपावर सोल्डर चिकटत नाही. उघडे तांबे तसेच राहिले तर हवेने काळे पडते. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी हाताने बनवलेल्या पट्ट्या महिन्या-दोन महिन्यांत काळवंडतात, ते याचमुळे. म्हणून आधी पट्टी सौम्य आम्लात धुतात, मग तिला फ्लक्स लावतात. हा फ्लक्स म्हणजे यंत्राचा नवसागर. मग पट्टी उभी धरून वितळलेल्या सोल्डरच्या कढईत बुडवतात. कढईत काहीशे किलो धातू सुमारे २५० अंश सेल्सिअसला तापलेला असतो, आणि पट्टी त्यात राहते जेमतेम दोन ते चार सेकंद. वर ओढताना दोन्ही बाजूंच्या अरुंद फटींतून गरम हवेचा जोरदार झोत तिच्यावर येतो. जादा धातू उडून जातो, बारीक छिद्रे मोकळी होतात आणि मागे राहतो काही मायक्रॉनचा थर. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

सगळी कसोटी त्या झोताची. वारा कमी पडला तर छिद्रे बुजतात आणि खालच्या कडेला धातूचे थेंब साचतात. जास्त झाला तर थर इतका पातळ होतो की पट्टी कपाटात पडून राहिल्यावर तिच्यावर पुढे डाख धरत नाही. अशी पट्टी कारखान्यातून चकचकीत बाहेर पडते. तिचा खोटेपणा उघडा पडतो तो शिवारात.

कढईचीही देखभाल असते. प्रत्येक पट्टीचे थोडे तांबे सोल्डरमध्ये विरघळते. ते साचत गेले की धातू रवाळ होतो. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढतात, तसे इथे कढई थोडी थंड करून तांबे आणि कथील यांचे खडे काढावे लागतात. शिसे मिसळलेल्या जुन्या सोल्डरमध्ये हे खडे वर तरंगत, झाऱ्याने काढता येत. बिनशिशाच्या सोल्डरमध्ये ते तळाशी बसतात. त्यामुळे जुन्या सरावाच्या कामगारालाही हे काम नव्याने शिकावे लागले.

आता शिशाचे बघू. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांवर वितळते. नुसत्या कथलाला २३२ लागतात, नुसत्या शिशाला ३२७. दोन धातू एकत्र आल्यावर दोघांपेक्षाही लवकर वितळावेत, ही निसर्गाची मोठी सोय आहे, आणि तिच्यावर इलेक्ट्रॉनिक्सने कित्येक दशके काढली. पण शिसे विषारी, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांतून ते हद्दपार केले. आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांनी टीव्ही, संगणक, मोबाईल अशा वस्तूंसाठी त्याची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का ठरवली. बदली आलेले कथील-तांब्याचे मिश्रण २२७ अंशांवर वितळते. म्हणजे कढई अधिक तापवायची, पट्टीने अधिक उष्णता सोसायची, आणि तांबेही अधिक वेगाने विरघळणार. ते विरघळणे आवरण्यासाठी चिमूटभर निकेल घालतात.

याचा आपल्या दुकानांशी थेट संबंध आहे. बिनशिशाचा डाख स्वभावतःच थोडा निस्तेज दिसतो. जुन्या नजरेचा मेकॅनिक त्याला कच्चा समजून पुन्हा पुन्हा तापवतो आणि तांब्याची वाट पट्टीवरून उचलली जाते. चांगले कार्ड असे दुरुस्तीत जाते. डाख कडेपर्यंत पसरून भागाच्या पायाला सारखा चिकटला आहे ना, एवढे पाहावे. चमक पाहू नये.

मेकॅनिकच्या तब्येतीबद्दल एक गैरसमज आहे. कावीच्या उष्णतेला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. जो धूर दिसतो तो राळेचा असतो. त्याने दमा बळावतो, म्हणून खिडकी उघडी हवी. शिसे पोटात जाते ते बोटांवरून. सोल्डरची तार दातात धरायची आणि त्याच हाताने भाकरी मोडायची, हे बऱ्याच दुकानांत पाहायला मिळते. शिकाऊ पोरगा तर उस्तादाचे पाहूनच शिकतो.

आणि ती टाकून दिलेली कार्डे. तांब्यासाठी ती उकिरड्यावर जाळली की शिसे राखेत उतरते आणि पट्टीतल्या रसायनांचा विषारी धूर होतो. राख पावसाने वाहून जाते ती ओढ्यात, ओढ्याचे पाणी झिरपते विहिरीत, आणि त्याच विहिरीवर मोटार बसवलेली असते.