‘सिबिलमध्ये नाव आलंय’ म्हणजे नेमकं काय?

सेनापती बापट मार्गावर ज्युपिटर मिल होती, तिथे आता काचेचे मनोरे आहेत. त्यांतल्याच एका मनोऱ्यात ट्रान्सयुनियन सिबिलचं कार्यालय आहे. लालबाग-परळहून पायी जाता येईल इतकं जवळ. तरी याच वस्तीत पक्का समज असा, की सिबिल ही रिझर्व्ह बँकेची बुडव्यांची यादी आहे आणि तीत एकदा नाव गेलं की कर्जाची दारं कायमची बंद.

नाव तर बँकेकडून कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलेल्या प्रत्येकाचं असतं, एकही हप्ता न चुकवणाऱ्याचंसुद्धा. सिबिल ही २००० साली स्थापन झालेली कंपनी. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. रिझर्व्ह बँक त्यांना परवाना देते, नियम लावते. त्या तिच्या मालकीच्या नाहीत. बँका आणि वित्त कंपन्या हप्त्यांची माहिती कळवतात, ती या कंपन्या नोंदवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात. कर्ज मंजूर करायचं की नाही, हे बँकच ठरवते. ‘सिबिलने नाकारलं’ हे काउंटरवरचं सोयीचं उत्तर आहे.

गिरगावातल्या जुन्या घरांतून दुसरी खात्री ऐकू येते: आम्ही जन्मात कर्ज काढलं नाही, बँकेत ठेवी आहेत, तेव्हा आमचा स्कोअर उत्तमच असणार. प्रत्यक्षात त्यांचा स्कोअरच नसतो. ठेवी, पगार, स्वतःची जागा यांपैकी काहीच स्कोअरमध्ये धरलं जात नाही. भिशी वर्षानुवर्षं चोख भरली, तरी तीही नाही. पतपेढ्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्यामुळे तिथली परतफेडही अहवालात सहसा दिसत नाही. मात्र स्कोअर नसणं म्हणजे स्कोअर वाईट असणं नव्हे. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे; अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही ते स्पष्ट केलं.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज जामिनाचा. ‘फक्त सही करायची आहे’ म्हणून शेजाऱ्याला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या मित्राला जामीन राहणं ही आपल्याकडे माणुसकीची रीत. १८७२ चा करार कायदा मात्र जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं ठरलं नसेल तर, कर्जदाराइतकीच धरतो. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात की ते कर्ज तुमच्या अहवालात दिसू लागतं. त्याने हप्ते थकवले तर फटका तुमच्या स्कोअरलाही बसतो, आणि हे कळतं कधी? तर स्वतःच्या घरासाठी अर्ज केल्यावर. सही नाकारायला जीभ रेटत नाही हे खरं. निदान दर काही महिन्यांनी आपला अहवाल तरी उघडून पाहावा.

पण पाहिला की स्कोअर घसरतो म्हणे! नाही घसरत. आपण स्वतः कितीही वेळा पाहा. बँकेने तुमच्या अर्जावरून केलेली चौकशी वेगळी नोंदवली जाते, म्हणून महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज टाकणं टाळावं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी ऐंशी हजार, वसुलीवाला म्हणतो पन्नास भरा, प्रकरण मिटवू. फोन बंद होतात, माणूस सुटकेचा श्वास टाकतो. अहवालात मात्र खातं ‘सेटल्ड’ म्हणून राहतं, म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत असं पुढची बँक वाचते. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन, खातं ‘क्लोज्ड’ असं कळवायला बँकेला लावावं.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात यातलं काहीच नसतं. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची असेल, म्हणजे नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या माथी आलेलं किंवा फेडलेलं खातं उघडंच दिसणारं, तर संकेतस्थळावर स्वतः तक्रार करता येते, तीही मोफत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून या चारही कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत.