ड्रमवादनातील ‘फिल’
पाश्चात्त्य वाद्यवृंदात ड्रमवादक आपला ठरलेला ठेका क्षणभर सोडतो, एका ढोलावरून दुसऱ्यावर काठ्या फिरवतो आणि लगेच ठेक्यावर परततो. त्या लहानशा तुकड्याला ‘फिल’ म्हणतात. तबल्यातील मुखडा किंवा मोहरा ज्यांच्या कानांना परिचित आहे, त्यांना याचे मर्म निराळे सांगावयास नको. दोघांचीही दृष्टी समेवर असते. मात्र फिलकडे आणखी एक कामगिरी असते. कडवे संपले, आता ध्रुवपद येत आहे, ही वर्दी इतर वादकांना तोच देतो. वर्दी चुकली की सारा वाद्यमेळ अडखळतो.

नवशिक्याचे सारे लक्ष हातांच्या चपळाईकडे असते; खरी अडचण निराळीच आहे. चार मात्रांचे आवर्तन धरावे. तीन आवर्तने साधा ठेका वाजवून चौथ्याच्या केवळ शेवटच्या मात्रेत स्नेअरवर उजवा-डावा, उजवा-डावा असे चार समान ठोके द्यावेत. पुढील आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर झांज आणि पायाने वाजवावयाचा मोठा ढोल एकदमच वाजला पाहिजे. एवढेच! पण मेट्रोनोम मिनिटास ६० ठोक्यांवर ठेवून हे करून पाहावे. ठेक्याचे बंधन सुटताच लय चढते आणि सम येण्यापूर्वीच हात तेथे जाऊन पोचतात. म्हणून हे ठोके आधी तोंडाने म्हणावेत; आपली पढंतीची रीत येथे फार उपयोगी पडते. एक मात्रा स्थिरावली, की दोन मात्रांत आठ ठोके, चार स्नेअरवर व चार टॉमवर. पूर्ण आवर्तनाचे सोळा ठोके सर्वांत शेवटी, आणि माझ्या मते तेही क्वचितच. कचेरीतील टिपणीवरचा शेरा टिपणीहून लांबला, तर निर्णय कोठे आहे ते सापडत नाही. फिलचेही तसेच आहे.

‘बीटल्स’चे रिंगो स्टार जन्मतः डावखुरे, वाद्यांची मांडणी मात्र उजव्या हाताच्या वादकाची. त्यामुळे इतरांचा हात ज्या ढोलाकडे सहज वळतो, तिकडे त्यांचा वळत नसे, आणि त्यांच्या फिलना एक वेगळेच वळण लाभले. १९६७ च्या ‘अ डे इन द लाइफ’मधील त्यांचे फिल अवश्य ऐकावेत. टॉमवरचे मोजके, जड ठोके आणि मध्ये मोकळी सोडलेली जागा. ते वाजवू पाहणाऱ्यास त्या मोकळ्या जागेत हातांचा आधार नसतो. डाव्या पायाने हाय-हॅटच्या पट्टीवर मात्रा मोजीत राहावे लागते.