दोन गंधारांमधली जागा

पियानोवर मींड घेता येत नाही. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते आणि स्वर तिथेच ठरतो. मग तो तसूभर वर किंवा खाली सरकवायला वादकाच्या हातात काही उरत नाही. आपल्याकडे पेटीवर हाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने 1940 पासून तीन दशकं पेटीला दार बंद केलं, त्याचं एक मोठं कारण हेच.

ब्लूजमध्ये ही अडचण फार बोचते. ब्लूज गाणाऱ्याचा गंधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो, तो मध्ये कुठेतरी तरळत असतो. गळा तिथे पोचतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटारही पोचतात. पियानोवर मात्र एक काळी पट्टी, तिला लागून पांढरी, आणि मध्ये काहीच नाही.

जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक या दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचा आणि त्यातली एक चटकन सोडून द्यायचा. कधी सोडायचाच नाही. मधल्या ‘सी’ला षड्ज धरला, तर कोमल गंधाराची सेकंदाला सुमारे 311 कंपनं होतात आणि शुद्ध गंधाराची 330. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला अठरा-एकोणीस वेळा थरथरतो. त्या थरथरीतून एक स्वर गळून पडला की उरलेला स्वर आपल्या जागी सरकत आल्यासारखा वाटतो. यंत्र जागचं हललेलं नाही, तरी कानाने मींड ऐकली! ब्लूजच्या जुन्या पियानोवादकांना ही युक्ती ठाऊक होती, पण ते ती दागिन्यासारखी वापरत. मंकने तिच्यावर सगळी भाषा उभी केली.

त्यामुळे कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की या माणसाला पियानो येत नाही. बोटं सपाट ठेवून, वरून ठोकल्यासारखं तो वाजवायचा. बाजूबाजूचे स्वर एकमेकांवर आदळायचे. सुरावट जिथे उतरेल असं वाटावं, तिथे तो मोकळी जागा सोडून द्यायचा. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या पश्चिम 63व्या रस्त्यावर तो लहानाचा मोठा झाला, तो जेम्स पी. जॉन्सनसारख्या स्ट्राइड वादकाच्या शेजारात. डाव्या हाताने खर्ज आणि मधले स्वर यांच्यात झोके घ्यायचे ही स्ट्राइडची जुनी रीत त्याच्या अंगात मुरलेली होती. त्याच्या एकट्याच्या रेकॉर्ड ऐकल्या की डावा हात सारं सांगून टाकतो. त्याला येत होतं ते सगळं, आणि त्यातलं नको ते तो गाळत होता.

हे गाळणं कसं ऐकू येतं ते 24 डिसेंबर 1954च्या ध्वनिमुद्रणात बघावं. माइल्स डेव्हिसने त्याला बजावलं होतं की मी ट्रम्पेट वाजवत असताना तू मागे पियानो वाजवू नकोस. ‘द मॅन आय लव्ह’च्या दुसऱ्या टेकमध्ये मंकची पाळी येते. खालचा ताल वेगात धावत असताना तो मूळ चाल ताणून ताणून, दुप्पट संथ वाजवतो, आणि मधेच थांबतो. पर्सी हीथचा बास आणि केनी क्लार्कचे ड्रम्स चालूच. पियानो गप्प. अखेर न राहवून माइल्स ट्रम्पेटची एक छोटी फेक टाकतो, आणि मंक जणू तेवढ्यासाठीच थांबल्यासारखा उसळून आत येतो. हाच केनी क्लार्क 1940च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये मंकच्या जोडीला होता, आणि रात्री उशिरा रंगणाऱ्या त्या मैफलींतूनच बीबॉप ही जॅझची नवी शैली घडली.

त्याआधी, 1951 मध्ये मंकचं कॅबरे कार्ड गेलं होतं. ते नसलं की न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवता येत नसे. पियानोवादक मित्र बड पॉवेलबरोबर तो गाडीत बसलेला असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले आणि मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. 1957 मध्ये कार्ड परत मिळालं. त्या उन्हाळ्यात फाइव्ह स्पॉट कॅफेमध्ये त्याच्यासोबत सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तो जॉन कोल्ट्रेन. माइल्सने त्याला आपल्या बँडमधून काढून टाकलं होतं, नुकताच तो हेरॉइनमधून बाहेर आला होता.

मंक शिकवायचा कसा, हे कोल्ट्रेनने एका मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. तो मंकच्या घरी जाऊन त्याला झोपेतून उठवायचा. मंक उठून पियानोवर बसायचा आणि वाजवू लागायचा. कोल्ट्रेनने ऐकून उचलायचं. अडला की पुन्हा ऐकायचं. अगदीच जमेना, तेव्हाच लिहिलेले कागद बाहेर निघायचे. चीज कागदावरून नव्हे तर कानावरून घ्यावी, असा मंकचा आग्रह. आपल्याकडे तालमीला बसलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

रात्री क्लबात तालीम पुढे चालायची. मधेच मंक पियानो सोडून उठायचा आणि बाजूला स्वतःभोवती गिरक्या घेत नाचायचा. कोल्ट्रेनच्या हाताशी उरायचे फक्त बास आणि ड्रम्स. मला वाटतं, हीच मंकची सर्वांत मोठी देणगी. आधार काढून घेतला, तेव्हा कोल्ट्रेन एकेका स्वरसमूहातले सगळे शक्य स्वर भराभर ओतू लागला. मंकच्या मोकळ्या जागेत तो दाटी घेऊन आला. वाजवणं गुरूच्या अगदी उलट, आणि तरीही गुरूकडूनच आलेलं.

बाकीच्यांचंही तसंच. बड पॉवेलच्या विजेसारख्या वेगात मंकची काटकसर शोधून सापडत नाही, पण त्याने मंकच्या रचना आयुष्यभर जपल्या, 1961 मध्ये एक अख्खी रेकॉर्ड त्याच्या नावाने केली. सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या स्टीव्ह लेसीने 1958च्या ‘रिफ्लेक्शन्स’ रेकॉर्डवर मंकशिवाय कुणाचीच रचना घेतली नाही. दोन वर्षांनी मंकबरोबर वाजवताना त्याने मंकचं बोलणं वहीत टिपून ठेवलं. लय धरायला ड्रमवाला आहे म्हणून वादकाने आपली लय सोडू नये, सगळंच वाजवायची गरज नाही, अशा त्या सूचना आजही जॅझ शिकणाऱ्यांच्या हाती फिरतात.

फाइव्ह स्पॉटवरचं त्या दोघांचं फार थोडं वादन मुद्रित झालं, आणि तेही धड नाही. पण 29 नोव्हेंबर 1957 रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाच्या टेप 2005 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हाती लागल्या, स्वच्छ आवाजात. अठ्ठेचाळीस वर्षं त्या खोक्यांत पडून होत्या. मंक नव्याने ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. पहिली रचना ‘मंक्स मूड’. बराच वेळ फक्त पियानो आणि सॅक्सोफोन पुढे असतात, आणि मंकचा डावा हात कुठे थांबतो तिकडे कोल्ट्रेन कान लावून असतो.