लावणीतली उसण

सकाळी साडेसहाला काकू तरव्यात उतरली तेव्हा पाऊस नुसता झिमझिमत होता. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी लावणी लागून दोन दिवस झाले होते. काकू, वहिनी, शेजारच्या दोघी आणि मी, अशा पाचजणी. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. बावीस वर्षं कंबर धरून आलेली माणसं बघते आहे, पण जन्मभर भात लावणाऱ्या कमरेशेजारी आपली कंबर वाकवून मी कधी पाहिली नव्हती.

तरवा काढायचा म्हणजे रोपं मुळाशी धरून उपटायची, मुळांचा चिखल पाण्यात झाडायचा आणि जुडी बांधून मागे टाकायची. कुणी उकिडवी बसते, कुणी ओणवी. काकू एकसष्ट वर्षांची, ती उकिडवी बसते. मी तासाभरात ओणवी झाले, कारण माझे गुडघे बोलायला लागले.

रात्री आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही थोडी जास्त भरते. फुगलेली चकती ताठ असते आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकलं तर तिच्यावर आणि मागच्या बंधांवर ताण जास्त येतो. शेतात मात्र अंथरुणातून उठलेली बाई चहा घेऊन थेट तरव्यात वाकते. काकूचं तसं नाही. ती आधी गोठा आवरते, विहिरीवर दोन खेपा करते. ‘आंग मोकळं झाल्याशिवाय वाकवत नाय गो,’ एवढंच तिचं म्हणणं.

न्याहारीनंतर चिखलात उतरलो. दोन-तीन काड्या बोटांत धरायच्या, अंगठ्याच्या आधाराने चिखलात रोवायच्या, हात वर, पुन्हा खाली, मग मागे एक पाऊल. वीस बाय पंधरा सेंटिमीटरवर लावलं तर एका गुंठ्यात तीन हजार तीनशेच्या वर आवे, म्हणजे रोपांचे झुबके, होतात. म्हणजे तितक्या वेळा हात चिखलात जातो. पण हात जातो-येतो, कंबर मात्र तिथेच असते. मला हे दुपारपर्यंत कळलं नाही. मी मोजत होते ती हालचाल, आणि दुखत होतं ते थांबणं.

माणूस पुढे वाकायला लागतो तेव्हा पाठीचे स्नायू धडाचं वजन पेलत असतात. पूर्ण वाकल्यावर ते शांत होतात आणि वजन मागच्या बंधांवर टांगलं जातं. स्नायूंचे विद्युत-आलेख काढून फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी हे 1955 मध्ये दाखवलं. वाकून पाच-दहा मिनिटं झाली की आता त्रास नाही असं वाटतं, ते यामुळे. भार गेलेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. तसंच ओणवं राहिलं की बंध हळूहळू लांबतात, जुन्या रबरासारखे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी वीस मिनिटं वाकवून ठेवलेल्या पाठी तपासल्या. उभं राहिल्यावर दोन मिनिटांत साधारण निम्मा ताठपणा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडी शिथिलता उरलेली होती.

काकूकडे बघत राहिले. तिच्या डाव्या हातात रोपांची मूठ, आणि तेच डावं कोपर डाव्या मांडीवर टेकलेलं. धडाचं निम्मं ओझं मांडीवरून पायात उतरत होतं. वाक होता तो खुब्यात, कमरेत कमी. शेजारच्या दोघींचंही तसंच. वहिनीचं मात्र कोपर हवेत होतं. ती मुंबईहून लग्न होऊन आलेली, लावणीचं हे तिचं चौथं वर्ष. बाजूला फेकलेली जुडी घेताना ती कमरेतून पिळवटत होती, कारण पाय पोटरीपर्यंत रुतलेले असतात आणि चिखलात पाऊल सहज वळत नाही.

तिसऱ्या दिवशी तिला उसण भरली. लावताना नव्हे. वाफा संपला, ती उठली आणि बांधावरचा जुड्यांनी भरलेला हारा लगेच उचलायला गेली. सैल पडलेल्या बंधांवर अचानक भार आला. ती तिथेच वाकडी होऊन थांबली, श्वास अर्धा आत.

घरी नेलं. निर्गुडीचा पाला गरम करून शेक दिला आणि वाडीतल्या एका पायाळू बाईंना बोलावणं गेलं. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाय लावला की उसण उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्या आल्या, तीन वेळा हलकेच पाय लावला आणि म्हणाल्या, ‘आता चाल बघू अंगणात.’ वहिनी चालली. भीत भीत, पण चालली. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप निवळते, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं यावर मला वाद घालायचा नाही. मला त्या ‘चाल बघू’चं मोल वाटलं. हेलसिंकीत 1995 मध्ये कंबर धरलेल्या कामगारांवर एक चाचणी झाली. एका गटाला दोन दिवस अंथरुण, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला फक्त झेपेल तसं रोजचं वागणं. तिसरा गट सगळ्यांत लवकर सावरला. पडून राहण्याचा सल्ला आपल्याकडे अजूनही सर्रास दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी त्या रात्री मी वहिनीला मोजकं विचारलंच. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? बसायच्या जागी बधिरपणा? पायातली ताकद गेलीय, पाऊल लटकतंय? ताप? यातलं एक जरी असतं तर पावसापाण्याचा विचार न करता रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठलं असतं. काही नव्हतं. दुखणं कमरेतच होतं, पोटरीकडे उतरत नव्हतं.

माझ्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षं ‘वाकू नका’ सांगत आले. भात लावणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे जेवू नका सांगण्यासारखं आहे. वाकणं पाठीला कळतं, ती त्यासाठीच घडलेली आहे. तिला जड जातं ते वाकून राहणं, आणि त्यातून उठल्या उठल्या ओझं. म्हणून मी काकूला एक वेगळी पद्धत सांगितली. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर साच्याने भोकं पाडून थेट बी टोकायचं. पिकाच्या खर्चाचा हिशेब त्यात आहेच, पण मला त्यात आधी बायकांच्या कमरा दिसतात. काकूने ऐकून घेतलं आणि खालची एक मळी पुढच्या वर्षी त्यासाठी सोडायचं कबूल केलं. वरच्या मळ्यांबद्दल ती काही बोलली नाही.

उरलेल्या दिवसांत तीन गोष्टी बदलल्या. जुड्या बाजूला न फेकता दोन्ही पायांच्या मधोमध मागे ठेवायला पोरांना लावलं. हारा उचलायचं काम नुकत्याच वाकून उठलेल्या बाईकडून काढून काकांकडे दिलं. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांनी उभं राहून, हात कमरेवर ठेवून, चार-पाच वेळा मागे रेलायचं. पहिल्या दिवशी मी हाक दिली तेव्हा काम मोडतं म्हणून नाराजी झाली.

सहाव्या दिवशी वहिनी परत चिखलात आली, कोपर मांडीवर टेकून. दुपारच्या सरीत वाफ्याचा शेवटचा कोपरा लावून झाला तशी मी सवयीने बांधावरच्या हाऱ्याकडे हात घातला.

‘थांब गो,’ काकू मागे रेलत म्हणाली. ‘आधी उभी ऱ्हा.’